शिट्टीवाला लिंबाजी

“मग आता मी काय करू, बाबा?”

लिंबाजीने तिसऱ्यांदा विचारलं. रतनगीर बाबा भाजक्या शेंगा सोलत होते.

गांजावरची बंदी उठून महिना झाला होता. बाजारात परवान्याचं दुकान लागलं. काट्यावर तोललेली पुडी, वर शिक्का, हातात पावती. माल उजेडात आला की भाव पडतो, कुठल्याही वाण्याला विचारा. इथे तर निम्म्यावर आला. तुरीच्या ओळींत झाडं लपवणारे आता परवान्यासाठी कचेरीत खेटे घालत होते. मठात निव्वळ चिलमीपुरते येणारे चाळीसेक जण दुकानाकडे वळले. उरले पाच.

लिंबाजी मठाचा पहारेकरी. स्वतः कधी ओढली नाही. एकवीस वर्षं बाहेरच्या कट्ट्यावर, नजर रस्त्यावर. पोलीस दिसला की तोंडात दोन बोटं घालून शिट्टी. शिट्टी झाली की चिलीम गायब आणि आत भजन सुरू. त्या शिट्टीवर त्याची मठात भाकरी होती. मानही.

“एकवीस वर्षांत एक धाड पडू दिली नाही. असा दुसरा दाखवा.”

“नाही रे दुसरा.”

“मग आता फुकट खाऊ? उद्या लेकीकडे निघतो.”

बाबांनी त्याच्या तळहातावर शेंगा ठेवल्या. “आधी या खा.”

“मी चेष्टा करत नाही, बाबा…”

“मी तरी कुठे करतोय? चांगल्या भाजल्यात.”

लिंबाजी रुसून रस्त्याकडे वळला. वळणावर खाकी दिसली आणि त्याची बोटं आपोआप तोंडात गेली.

शिट्टी अशी वाजली की छपरावरचे पारवे उडाले.

आत धांदल. पाचही जणांच्या खिशात पावत्या, तरी चिलीम घोंगडीखाली गेली, टाळ बाहेर आले, भजन सुरू. घोंगडी धुपायला लागली तेव्हा एकाला आठवलं.

“अरे, आता कशाला लपवतोय आपण?”

घोंगडी बडवता बडवता सगळे हसत सुटले. बाबा तर आडवेच झाले.

लिंबाजी मान खाली घालून उभा. “सवय, बाबा…”

तेवढ्यात सरोदे हवालदार दारात येऊन थांबला. गणवेशात, पण दंडुका नव्हता.

“भजन बंद का केलंत?” तो म्हणाला.

एकाने घोंगडी पाठीमागे सरकवली.

“या तालुक्यात आलो तेव्हापासून ऐकतोय. मी आलो की भजन. दरवेळी दारातूनच ऐकून परत गेलो. आत काही सापडलं तर अटक करावी लागेल, म्हणून आत आलो नाही…” त्याने टोपी काढली. “आज आत बसू का, बाबा?”

बाबांनी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले.

“मला काय विचारता, साहेब? दार लिंबाजीचं आहे.”