गाण्यातला चिरका सूर

माणसांना पाखरांची भाषा कळत असे त्या काळी, ओढ्याकाठच्या एका करंजावर पाखरं संध्याकाळी जमत आणि एकमेकांची गाणी सुधारून देत. नियम एकच होता. गाणाऱ्याने गाऊन गप्प बसायचं, बोलायचं ते ऐकणाऱ्यांनी.

एकदा साळुंकी गायली. ती नुकतीच दुसऱ्या रानातून आली होती. तिथे तिचं पिल्लू घारीने नेलं होतं, हे इथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"चाल छान आहे, साळुंकीताई," बुलबुल म्हणाला, "पण मधेच ते चिरकं काय येतं? घशात काडी अडकल्यासारखं."

"काडी कसली, अख्खं घरटं अडकलंय!" कोतवाल पक्षी म्हणाला, आणि सगळे हसले.

दयाळ पक्षी त्यांच्यातला जाणता. तो मायेनेच म्हणाला, "तेवढं काढून टाका, ताई. गाणं सोन्यासारखं होईल."

ते चिरकं म्हणजे पिल्लाची भुकेची हाक होती. साळुंकीने ती जशीच्या तशी गळ्यात जपली होती. पण नियमापुढे ती बोलली नाही, आणि जाणत्यांचंच बरोबर असेल असंही तिला वाटलं. गळा घोटून घोटून तिने तो सूर काढून टाकला.

ती पुन्हा गायली तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. मग दयाळाने सहज विचारलं, "ते मधलं होतं तरी काय?"

"माझं पिल्लू तसं ओरडायचं."



"एकदा ऐकवा ना," दयाळ हळूच म्हणाला.

साळुंकीने चोच उघडली. सूर आला तो स्वच्छ, गोड. तिने पुन्हा प्रयत्न केला. या वेळी तो आणखी गोड आला.