शंभरावा टोल

एका राज्यात तलवारीचा अंमल बसला, तो काही उठेचना. परचक्र आले तेव्हा राजा सीमेवर गेला आणि शिक्का सेनापती दुर्जयाच्या हाती ठेवून गेला. दवंडी पिटली, "शंभराव्या टोलाला वेस उघडेल, त्याआधी खुद्द राजालाही नाही. टोल पडला की तलवार म्यानात जाईल."

त्या राज्यात दिवस मोजायचा तो टोलाने. कानोजी घटकेवाला भोकाची तांब्याची वाटी पाण्यावर सोडी. सूर्योदयाला ती बुडाली की तो घंटा देई. दुसऱ्या कोणाच्या हाताने ती घंटा वाजतच नसे.

नव्व्याण्णव टोल झाले. त्याच दुपारी हुकूम सुटला, कानोजी बडतर्फ! ऐकता ऐकता बिचारा कंबरेपर्यंत दगड झाला. दुर्जयाच्या मांत्रिकाचा मंत्रच तसा होता, चाकरी गेली की माणूस दगड. आधीचे चाळीस चाकर चौकात दगड होऊन उभे होतेच. बळी तो कान पिळी!

कानोजीची बायको भिवाई त्याला भाकर भरवी आणि दाद मागत फिरे. तीन वर्षांनी एका पहाटे सुनावणी लागली. निवाडा विरुद्ध गेला तर दगड डोक्यावरून मिटणार होता.

न्यायासनावर वृद्ध मैना होती. मंत्राने तिलाही बांधले होते. तिने तीनच प्रश्न विचारायचे. "का?" विचारले की चोच गळून पडणार. काय हा अनर्थ! न्यायाधीशाने 'का' विचारू नये?

"हुकमावर मोहोर कोणाची?"

"राजाची," दुर्जय म्हणाला. मोहोर खरी निघाली. दगड छातीवर आला.

"नाव कोणाचे?"

"कानोजीचे." तेही खरे. दगड गळ्याशी आला.

"मायबाई, त्यांचा गुन्हा तरी विचारा!" भिवाईने हंबरडा फोडला.

"बाई, तेवढेच मला विचारता येत नाही," मैना म्हणाली. मग तिने तिसरा प्रश्न केला, "सेनापती, आज कितवा दिवस?"

दुर्जय अडखळला. शंभरावा म्हणावे तर अंमल संपतो. "नव्व्याण्णवावा," तो म्हणाला.

सभा हबकली. त्या एका दिवसात पोरे जन्मून चालायला लागली होती!

मैनेने हुकूम वाचला, "'कानोजी घटकेवाला यास उद्यापासून चाकरीवरून दूर केले असे.' हुकूम खरा, मोहोर खरी. मी तो रद्द करीत नाही. पण उद्या अजून उजाडलेला नाही. तोवर कानोजी चाकरीत आहे."

मांत्रिकाने कपाळावर हात मारला. त्यानेही 'उद्यापासून' हा शब्द ऐकला नव्हता. कानोजीच्या अंगावरचा दगड खळाखळा गळाला. त्याने वाटी पाण्यावर सोडली. वाटी भरली, बुडाली, आणि दुर्जयाचीही घटका भरली.

शंभरावा टोल पडला. वेस उघडली. बाहेर तीन वर्षे ताटकळलेला राजा आत आला. चौकातले चाळीस दगड माणसे होऊन खोकू लागले.

मैनेने पंख झाडले आणि दुर्जयाकडे पाहिले.

"आता सांग," ती म्हणाली, "का?"