मोती या शब्दापाशी

एकदा एका नदीकाठच्या गावात एका शेठच्या घरातून नथीतला मोती नाहीसा झाला. नथ धाकट्या सुनेची. हळदीकुंकवाला घालायची म्हणून तिने डबी उघडली, तर मधला टपोरा मोती जागेवर नाही, तार नुसतीच वाकलेली. मोती तो केवढा, कुठल्या फटीत घरंगळला असेल, केराबरोबर उकिरड्यावर गेला असेल. पण घरात वस्तू हरवली की माणसे आधी जमिनीकडे पाहत नाहीत, एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. शेठच्या घरीही तसेच झाले, आणि दुपार व्हायच्या आत सगळ्यांच्या नजरा केर काढणाऱ्या सारजाबाईवर येऊन थांबल्या.

सारजाबाई त्या घरात अकरा वर्षे राबत होती. बोलणे कमी, मान खाली, काम चोख. एरवी ज्याला गुण म्हणावे, तेच आता संशयाला पुरेसे झाले.

"अशीच माणसं आतल्या गाठीची असतात," शेठाणी म्हणाल्या.

थोरल्या सुनेला आठवले, की परवा ती खोलीत जरा जास्तच वेळ रेंगाळली होती. धाकटीला तर मागच्या महिन्यातले डबीचे सैल झाकणसुद्धा आठवले. मागच्या महिन्यात ते कुणाला खटकले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

शेठ स्वतःला न्यायी समजत. उगाच एका बाईला घालवून दिले असे लोकांनी म्हणू नये, म्हणून ते आचार्यांच्या आश्रमात गेले. हे आचार्य वयोवृद्ध. माणूस का भितो, का विसरतो, खोटे का बोलतो, याच्या अभ्यासात त्यांचा जन्म गेला होता. पण ते त्या वेळी परगावी होते. आश्रमात होता त्यांचा शिष्य भार्गव.

"चार दिवसांत सांगा," शेठ भार्गवला म्हणाले. "तुम्ही तिचं नाव घेतलंत तर ती घराबाहेर. आणि मग या गावात दुसरं कुठलं घर तिला उभं करणार नाही, ते मी बघतो."

भार्गव सात वर्षे गुरूंपाशी शिकत होता. आपले स्वतःचे असे काही करून दाखवावे, ही इच्छा मनात होतीच. त्याने एक कसोटी रचली होती. अपराधी मन ज्या वस्तूला भिते, तिच्या नावापाशी ते अडखळते, असा त्याचा सिद्धांत. म्हणून दहा साधे शब्द घ्यायचे. आपण एक शब्द उच्चारला, की समोरच्याने तोच शब्द लगेच परत म्हणायचा. शेजारी तिवईवर अभिषेकपात्र टांगलेले, खाली तांब्याचे ताम्हन. मधल्या वेळात किती थेंब पडले ते मोजून वहीत मांडायचे. दहा शब्दांत एक शब्द मोती.

शेठच्या घरी कामाला सहा माणसे होती. त्यांना त्याने सांगितले, "पाठशाळेसाठी उच्चारांचा एक खेळ रचतोय, जरा मदत करा." हे खरे नव्हते. पण खरे सांगितले तर माणसे सावध होतील, आणि सावध माणसाचे मन वाचता येत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

आचारी आला, पाणक्या आला, माळी आला. कुणी कुठे थांबले नाही. दोन थेंब, तीन थेंब, संपले.

"एवढ्यासाठी मला चुलीवरनं उठवलंत?" आचारी म्हणाला. "भात लागला तर शेठाणींना काय सांगू, बसून दार दार म्हणत होतो?"

शेवटी सारजाबाई बसली. दार म्हटल्यावर तिने दार म्हटले. पाणी, चूल, गाय, सगळे दोन-तीन थेंबांत आले. मग भार्गव म्हणाला, "मोती."

सारजाबाईने ताम्हनाकडे पाहिले. पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. आठ थेंब पडले, बारा पडले.

"पुढचा सांगा," ती म्हणाली.

भार्गवने शब्दांचा क्रम बदलून पुन्हा विचारले, मग तिसऱ्यांदा विचारले. दर वेळी ती त्याच एका शब्दापाशी येऊन थांबली. तिसऱ्या वेळी खाली मान घालून म्हणाली, "तो शब्द माझ्याकडनं होत नाही, दादा. दुसरा कुठलाही सांगा."

शेठाणी दारातच उभ्या होत्या. "ऐकलंत ना? तोंडातनं नावसुद्धा निघत नाही."

भार्गवने सारजाबाईचे वाक्य जसेच्या तसे वहीत उतरवले आणि खाली रेघ मारली. निष्कर्ष गुरू आल्यावरच सांगायचा, असे त्याने ठरवले होते. पण शेठनी विचारले, आणि जिभेवर आलेले त्याला आवरले नाही. "मला तरी शंका उरलेली नाही," तो म्हणाला.

असली वाक्ये एका घरात राहत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी सारजाबाई विहिरीवर गेली, तर बायकांनी आपापल्या घागरी उचलून बाजूला घेतल्या. तिला कुणी दोर दिला नाही. ती रिकामी घागर घेऊन नदीवर गेली.

त्याच दुपारी आचार्य परतले. भार्गवने वही पुढे ठेवली आणि सगळे सांगितले. आचार्यांनी पाने उलटली.

"इतरांना किती वेळा विचारलंस?"

"एकदा."

"आणि त्यांना?"

"तीनदा. खात्री करून घ्यायला."

"इतरांची खात्री नको होती?"

आचार्यांनी काठी घेतली आणि एक शब्द न बोलता ते घाटाकडे निघून गेले. भार्गवने लांबून पाहिले, तर ते मालाच्या होड्यांपाशी नावाड्यांशी काहीतरी बोलत होते, आणि नावाडी हसत होते. त्याच्या मनात पाल चुकचुकली. सारजाबाईचे घर घाटालगतच. गुरू तिच्या माणसांना तर भेटत नाहीत? की शिष्याने एकट्याने लावलेला शोध त्यांना रुचला नाही? सात वर्षांत गुरूंविषयी असे कधी वाटले नव्हते. पण संशयाची सवय एकदा लागली, की तो घरच्यांनाही वगळत नाही.

सकाळी आचार्य अभिषेकपात्र घेऊन स्वतः शेठच्या घरी गेले आणि त्यांनी भलतेच काहीतरी केले. सारजाबाईला बोलावलेच नाही. शेठाणींना आणि दोन्ही सुनांना समोर बसवले.

"ही मनाची एक कसोटी आहे," ते म्हणाले. "मी शब्द उच्चारीन, तुम्ही तो परत म्हणायचा. किती वेळ लागतो ते भार्गव मोजील. शब्द कोणते ते आधी सांगत नाही, पण झाल्यावर सगळं उघड सांगेन. नको वाटलं तर मधेच उठा. कुणी कारण विचारणार नाही."

"आम्हाला कसली भीती?" शेठाणी म्हणाल्या. "मोती काय आम्ही घेतलाय?"

भार्गवला त्यांनी पाठमोरे बसवले. माणूस पाहायचा नाही, नुसते थेंब मोजायचे. मालकिणीची कसोटी घेऊन काय निघणार, हे त्याला कळत नव्हते.

शेठाणी दार म्हणाल्या, पाणी म्हणाल्या, चूल म्हणाल्या. मग आचार्य म्हणाले, "माणिक."

थेंब पडू लागले. आठ, बारा, सोळा.

"भलतंच काय विचारता आचार्य," शेठाणी शेवटी म्हणाल्या.

थोरली सून त्याच शब्दाला थांबली आणि तिला हसू फुटले. अठरा थेंब. धाकटीने तर तोंडाला पदर लावला आणि ती उठून आत निघून गेली. आचार्यांनी तिला जाऊ दिले.

भार्गवने आकडे वाचून दाखवले. त्याचा आवाज उतरला होता, कारण दोन्ही आकडे सारजाबाईच्या आकड्यापेक्षा मोठे होते.

आचार्य शेठकडे वळले. "शेठ, तुमच्या घरातलं एखादं माणिक हरवलंय का? तुमच्या घरच्या तिघीही त्या नावापाशी अडखळतात."

"माणिक? आमच्याकडे कुठलं माणिक? माणिक म्हणजे तर..." शेठ बोलता बोलता थांबले. गाव त्यांना नुसते शेठ म्हणे, पण त्यांचे नाव माणिकचंद होते. नवऱ्याचे नाव बायको घेत नाही आणि सासऱ्याचे सून घेत नाही. आतल्या दारामागे हसण्याची खसखस पिकली.

"सारजाबाईंचा नवरा मालाच्या नावेवर असतो," आचार्य म्हणाले. "वर्षातून दोन महिने घरी येतो. काल मी नावाड्यांना त्याचं नाव विचारलं. मोतीराम. सगळे त्याला मोतीच म्हणतात."

हसणे थांबले.

"अकरा वर्षं त्या या घरात येतात," आचार्य पुढे म्हणाले. "त्यांच्या माणसाचं नाव इथं एकालाही ठाऊक नव्हतं."

शेठ जरा चिडूनच म्हणाले, "मग तिनं सांगायचं नाही का? तोंड होतं ना तिला?"

"काय सांगणार, शेठ? सफाई द्यायची तर तेच नाव तोंडी घ्यावं लागलं असतं. तरी त्यांनी सांगितलंच होतं. भार्गवा, तुझ्या वहीत आहे. वाच."

भार्गवने वाचले, "तो शब्द माझ्याकडनं होत नाही, दादा. दुसरा कुठलाही सांगा."

"हे वाक्य विहिरीवरच्या कुठल्याही बाईनं एरवी ऐकलं असतं, तर हसून विचारलं असतं, का गं, मालकांचं नाव आहे होय? शेठाणींनीही विचारलं असतं. पण परवा शेठाणी एका बाईचं बोलणं ऐकत नव्हत्या, चोराचं बोलणं ऐकत होत्या. आणि तूही. थेंब तू खरे मोजलेस. त्या अडखळल्या हे खरंच आहे. पण अडखळणं म्हणजे अपराध, हे तू कुठं मोजलंस? ते तर तू घरूनच घेऊन आला होतास. तीनदा तेच आलं म्हणून तुला ते पक्कं वाटलं. वाकडी पट्टी दहा वेळा लावली तरी रेघ वाकडीच येणार, फक्त दर वेळी सारखी वाकडी."

शेठ म्हणाले, "म्हणजे सारजानं मोती घेतला नाही."

"तेही मी म्हणत नाही. मोती कुणी घेतला की पडला, मला माहीत नाही. या वहीला तर त्यातलं काहीच माहीत नाही. जी वही काही सांगत नाही, तिच्यावरून तुम्ही कुणाला घराबाहेर काढणार, एवढंच विचारतो."

शेठाणी घुश्शात म्हणाल्या, "आणि त्यासाठी आमची थट्टा मांडलीत होय?"

"तुम्हाला मी आधी सांगितलं होतं, हवं तेव्हा उठा म्हणून. धाकट्या सूनबाई उठल्या, कुणी त्यांना चोर म्हटलं नाही. सारजाबाईंना असं कुणी सांगितलं होतं का?"

सारजाबाई कामावर राहील, असे शेठनी तिथेच जाहीर केले.

परतताना भार्गव उत्साहाने बोलू लागला. चूक कळली होती आणि ती दुरुस्त करण्याची घाई झाली होती. "आता मी आधी घरच्यांची नावं विचारून घेईन. सगळ्यांना सारख्या वेळा विचारीन. थेंब मोजायला असा माणूस बसवीन, ज्याला संशय कुणावर आहे हे ठाऊकच नाही."

"ते सगळं कर, चांगलं आहे," आचार्य म्हणाले. "पण त्यानं तुझी कसोटी सुधारेल. त्या बाईचं काय? तू त्यांना खेळ म्हणून बसवलंस. त्या खेळायला बसल्या आणि उठल्या तेव्हा चोर झाल्या होत्या. उद्या कसोटी कितीही अचूक केलीस, तरी काल विहिरीवर त्यांना न मिळालेला दोर त्यातून मिळायचा नाही. मन वस्तूसारखं नसतं बाबा. त्याला हात लावायचा तर आधी विचारायचं. आणि विचारायचं म्हणजे 'नाही' ऐकायची तयारी ठेवून विचारायचं."

भार्गव त्या दिवशी विहिरीवर गेला आणि मग जिथे जिथे ती बातमी पोहोचली होती, त्या प्रत्येक दारी गेला. "माझं चुकलं, माझ्या कसोटीतून काहीच सिद्ध झालेलं नाही," हे वाक्य त्याला सतरा दारांत म्हणावे लागले. काहींनी ऐकून घेतले. काहींनी "असं होय" म्हणत त्याच्याकडेच अशा नजरेने पाहिले, की सारजाबाईने याला काही दिले की काय. संशय पेरायला एक वाक्य लागले होते. तो उपटायला सतरा पुरत नव्हती.

शेवटी तो घाटावर सारजाबाईच्या दाराशी आला. ती सुपात तांदूळ निवडत होती. त्याने काहीही न लपवता सगळे सांगितले. खेळ नव्हता, संशय होता, तिलाच तीनदा विचारले होते, वहीत रेघ मारली होती. सारजाबाईने ऐकून घेतले. रागावली नाही आणि जाऊ द्या असेही म्हणाली नाही.

"मी नवी कसोटी रचतोय," भार्गव म्हणाला. "त्यात तुमच्या घरचं कुणाचं नाव नसेल. सगळं आधी सांगेन. तुम्ही बसलात, तर लोकांच्या मनातलं उरलंसुरलं किल्मिषही निघून जाईल. बसाल का?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर मी उठून जाईन. कुणाला सांगणार नाही."

"मग नाही," सारजाबाई म्हणाली, आणि पुन्हा खडे वेचू लागली.

भार्गव उठला. नमस्कार करून निघाला. मोती काही सापडला नाही, पुढेही सापडला नाही. घाटाच्या पायऱ्या चढताना त्याच्या मनात आलेच, की का नाही म्हणाली असेल? भीती होती, की नुसता कंटाळा, की आणखी काही? प्रश्न मनात आला तसा त्याने तो मनातच राहू दिला. मग त्याच्या ध्यानात आले, की "नाही" म्हणायला तिला किती वेळ लागला, हे आज त्याने मोजलेच नव्हते. आणि मोजले नाही, याचे त्याला फार बरे वाटले.