कोणती फांदी तोडावी

पूर्वी एक वृद्ध आचार्य रानाच्या कडेला मुलांची पाठशाळा चालवीत असत. त्यांचा तरुण शिष्य विश्वंभर तिसऱ्या प्रहरी मुलांना रानात खेळायला नेई. एके दिवशी त्याच्या डोळ्यांदेखत आठ वर्षांची गोदू झाडावरून पडली आणि तिचा हात मोडला.

“पोर तुमच्या भरवशावर सोडली होती,” एवढेच तिचे वडील बोलले.

ते शब्द विश्वंभरच्या जिव्हारी लागले. दुसऱ्याच दिवशी त्याने रानाच्या वाटेवर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले.

चार दिवस मुले अंगणात गुमान बसली. पाचव्या दिवशी दोघेजण गोठ्याच्या छपरावर चढलेले सापडले. पायाखालची तीन कौले फुटली होती आणि खाली दगडी गव्हाण होती.

मुलांना उतरवून घेतल्यावर आचार्यांनी कोयता उचलला, कुंपण बाजूला सारले आणि विश्वंभरला घेऊन ते रानात शिरले.

वाटेत आंब्याची एक आडवी फांदी लागली. “ही आधी तोडू या,” विश्वंभर म्हणाला. “चांगली दीड पुरुष उंच आहे.”

आचार्यांनी ती काठीने हलवून पाहिली, खालचे दोन टोकदार दगड उचलून दूर टाकले आणि ते पुढे निघाले. जांभळापाशी मात्र ते थांबले. त्याची कमरेएवढ्या उंचीवरची जाडजूड फांदी त्यांनी काठीने ठोकून पाहिली आणि चार घावांत खाली पाडली.

विश्वंभरला राहवेना. “गुरुजी, डोक्यावरची ठेवलीत आणि हाताशी असलेली तोडलीत?”

“गोदू कुठून पडली?”

“याच झाडावरून. फांदीच मोडली.”

आचार्यांनी तोडलेली फांदी उलटी केली. आतला गाभा वाळवीने पोखरला होता. “उंची मुलाला दिसते, म्हणून तिथे त्याचा पाय जपून पडतो. ही पोकळी कोणत्या मुलाला दिसणार? जे त्याला दिसत नाही, ते शोधून काढणे आपले काम. जे त्याला दिसते, ते तोलायला त्याला शिकू दे.”

“आणि तरीही कोणी पडले तर?”

“एखादे पडेलही. तेव्हा तू जवळ असशील. पण सगळेच रान बंद केलेस, तर मुले छप्पर शोधतील, आणि तिथे तू नसशील.”

त्या दिवसापासून मुलांच्या आधी विश्वंभर रानात जाऊ लागला. एकेक फांदी ठोकून पाही, पालापाचोळा सारून खड्डे बुजवी.

दोन महिन्यांनी गोदूचा हात बरा झाला. तिचे वडील स्वतः तिला घेऊन आले आणि रानाच्या कडेला उभे राहिले. गोदू आंब्यावर चढली. निम्म्यावर जाऊन तिने पुढच्या फांदीवर पाय टेकवला, दाबून पाहिला, खाली पाहिले. “उतर!” हा शब्द विश्वंभरच्या ओठांवर आला होता; तो त्याने गिळला आणि दोन पावले झाडाजवळ सरकला.

गोदूने पाय मागे घेतला.

“आज इथपर्यंतच,” ती म्हणाली आणि सावकाश आपली आपण उतरली.