पवनमहालाला गिऱ्हाईक

टेकडीवरचा पवनमहाल काही केल्या विकला जात नव्हता, आणि त्याचं कारण नवलगडच्या राजाला सांगायची कुणाची हिंमत नव्हती.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. राजा विजयधवलांनी तो महाल स्वतःचं डोकं चालवून बांधला होता. चारी बाजूंना भल्यामोठ्या खिडक्या, पण एकीलाही झडप नाही. झडपांनी म्हणे शोभा जाते! वास्तुशांत झाली ऐन थंडीत. महाराज एक रात्र तिथे झोपले आणि पहाटेच त्यांना राज्यकारभाराची अशी काही ओढ लागली, की ते परत तिकडे फिरकले नाहीत.

“घर का खपत नाही?” महाराज दरबारात गरजले.

“इतक्या देखण्या घरात राहायला प्रजा लाजते, महाराज!” प्रधानजी म्हणाले.

“शिवाय पौष लागलाय,” जोशीबुवांनी जोड दिली. “पौषात नव्या घरी राहायला कोण जातं?”

वाड्यातल्या शेगड्या पेटवणारी येसू तेव्हा महाराजांच्या पायाशी निखारे सारत होती. तिच्या तोंडून निसटलंच, “आन् थंडीत तिथं ऱ्हाणार तरी कोण?”



“माझ्या घराला थंड म्हणतेस?” महाराज लालबुंद झाले. “मग तूच वीक! पौष संपायच्या आत! घर उबदार आहे असं खोटं सांगायचं नाही, आणि थंड आहे म्हणून नावंही ठेवायची नाहीत. विकलंस तर मागशील ते देईन. नाहीतर ते घर तुलाच बक्षीस! आईला घेऊन जन्मभर तिथेच राहायचं!”

दरबाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. प्रधानजींनी तर एवढ्या मोठ्या घराची मालकीण होणार म्हणून येसूचं अभिनंदनही केलं. पण तिच्या आईला दम्याचा विकार होता. थंडीत बाई चुलीपुढून हलत नसे. त्या महालात तिची एक रात्रही निघाली नसती.

“येसे, जीभ आवरायची व्हती गं!” आई खोकत खोकत म्हणाली.

“निसटली, आये. आता तिलाच कामाला लावते,” येसू म्हणाली खरी, पण रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी ती शेगडी घेऊन महाराजांच्या मेहुण्यांच्या खोलीत गेली. राणीसाहेबांचे हे तिघे भाऊ भाऊबीजेला आले होते ते अजून हलले नव्हते. मुदपाकखान्याच्या चुलीमागची, वाड्यातली सगळ्यात उबदार खोली त्यांनी बळकावली होती. तुळशीच्या लग्नानंतर ते एकदा ‘निघतो’ म्हणाले होते. आता पाहुणा निघतो म्हणाला की यजमानाने ‘राहा की हो आणखी दोन दिवस!’ म्हणायचंच असतं. महाराज रीतीप्रमाणे म्हणाले, आणि मेहुणे राहिले! तेव्हापासून महाराज तूप जपून वाढायला सांगत होते, पण ‘जा’ म्हणायची सोय नव्हती.

रजईत घोरणाऱ्या मेहुण्यांकडे येसू बघत राहिली. मग शेगडी तिथेच टाकून ती दवंडीवाल्याकडे धावली.

“ऐका हो ऐका! पवनमहाल विकणे आहे! या घरात उतरलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी आपणहून, हसतमुखानं आपल्या घरी जातो! आग्रह केला तरी राहत नाही हो!”

दुपारपर्यंत वाड्यापुढे ही गर्दी! नगरशेठ माणकोजी धोतर सावरत सगळ्यांच्या पुढे होते. त्यांचे व्याही दसऱ्यापासून मुक्कामाला होते.

“अहो शेठ, पौषात घर घेता?” जोशीबुवा किंचाळले.

“शेठजी कुठं राहायला चाललेत?” येसू म्हणाली. “पाव्हण्याला कसला आलाय पौष?”

जोशीबुवांनी क्षणभर विचार केला, त्यांना आपले दोन साडू आठवले, आणि ते मुकाट्याने रांगेत उभे राहिले.

गलबला ऐकून महाराज सज्जात आले. “दवंडी खरी कशावरून?”

“मेहुण्यांना आजची रात मानानं महालात उतरवा, महाराज. राजाचं घर, राणीसाहेबांची माणसं. शोभंल की!”

मेहुणे वाजतगाजत टेकडीवर गेले. दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत तिघेही घोड्यांवर होते. थोरल्याला हरभऱ्याची राखण आठवली होती, मधल्याला बायको. धाकट्याचे दात इतके वाजत होते, की त्याला काय आठवलं ते कळलंच नाही.

“राहा की हो आणखी दोन दिवस!” महाराज रीतीप्रमाणे म्हणाले. घोडे तोवर वेशीपार!

“घर विकायचं नाही!” महाराज आनंदाने ओरडले. “ते मलाच हवं!”

“मग तुमीच गिऱ्हाईक, महाराज! पर शेठजींपेक्षा चढी किंमत द्यावी लागंल.”

“माझंच घर मी विकत घेऊ?”

“तुमची मर्जी. थोरले मेहुणे रथसप्तमीला परत येतो म्हणालेत.”

“घेतलं!” महाराज घाईघाईने म्हणाले. मग त्यांच्या ध्यानात आलं. “अगं, पण पैसे द्यायचे कुणाला?”

“घरमालकाला. ते तुमचं तुमी बघून घ्या. माझी दलाली तेवढी द्या. चुलीमागची खोली माझ्या आयेला पाहिजे. आजच मोकळी झालीया.”

“दिली! पण खरं सांग, माझं घर थंड आहे की नाही?”

“मी कशी नावं ठेवू, महाराज? आज रातच्याला सोता झोपून बघा. शेगडी पेटवून देते!”

“नको, नको! मला राज्यकारभार आहे!” म्हणता म्हणता महाराजांनाच हसू फुटलं. ते पोट धरून हसले, आणि येसूच्या आईला वाड्यात आणायला त्यांनी आपली पालखी धाडली, आत स्वतःची रजई घालून.