पहिली जोडी

“पहिली जागा कुणाला?”

की “पहिला नंबर कुणाला?” असं विचारलं होतं मुजावरांनी? आता खात्रीनं सांगता येत नाही. माझी मुलगी म्हणते, ही गोष्ट मी तिला दर वेळी थोडी वेगळी सांगतो. दर वेळी म्हणजे किती वेळा, हे मी तिला विचारलेलं नाही.

उत्तर मात्र आठवतं.

“अर्थात संचालकाला.”

संचालक मीच होतो.

मिरजेतली लहानशी संशोधन संस्था. बारा टेबलं, बाहेरची लाइन एकच. जुना टेलिफोन बोर्ड आणि तो चालवणाऱ्या बाई एकाच महिन्यात निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी एक पेटी आली होती. ती माझ्याच खोलीतल्या भिंतीवर लागायची होती. बाहेरून आलेला फोन ती आपोआप ज्याच्या त्याच्या टेबलावर पोचवणार होती.

कंपनीचा माणूस येऊन बसवून देणार होता. मी नको म्हणालो. विश्वस्तांना सांगितलं, हे आपलं आपण शिकू, दर खेपेला पुण्याच्या माणसाची वाट बघायला नको.

विश्वस्तांना ते आवडलं. खरं कारण मात्र ते नव्हतं.

शिकवायला दस्तगीर मुजावर आले. टेलिफोन खात्यातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. गावात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. मी मुजावर म्हणत असे. माझ्याकडे संख्याशास्त्रातली डॉक्टरेट होती. ते सातवी पास होते, आणि हे त्यांनी स्वतःच आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

“मी पुस्तक वाचलंय,” मी म्हणालो. “दोनदा.”

“लई बरं झालं. मला इंग्रजी येत न्हाई. कुठं अडलं तर तुम्ही सांगा, काय लिवलंय ते.”

त्यांनी तार सोलायला दिली. तांबं तुटलं. पुन्हा तुटलं. सहाव्या की सातव्या खेपेला जमलं. तारांची ती जोडी मी माझ्या हातानं पेटीतल्या पहिल्या जागेवर बसवली. तिचं दुसरं टोक माझ्या टेबलावरच्या फोनला.

“पक्कं बसवलंसा?”

“ओढून बघा.”

त्यांनी ओढून बघितलं.

“बाकी समदं आकडे मारून बदलता येतंय,” ते म्हणाले. “ही जागा तेवढी बदलत न्हाई.”

मी वहीत बरंच काही टिपून घेत होतो. हे टिपलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते बाहेरच्या लाइनला चिमटे लावून, हातातल्या तपासणीच्या फोनवर काहीतरी ऐकत बसले होते. तो फोन वाजला.

“कोण? … न्हाई, मी मेकॅनिक बोलतोय. … हां. … सांगतो की.”

त्यांनी फोन छातीशी धरला.

“डॉक्टरसाहेब, तुमच्या अक्का हायत. जेवलासा का इचारत्यात.”

अकरा वाजले होते.

“कामात आहे म्हणावं.”

साडेअकराला परत वाजला. बाराला परत. तिसऱ्या वेळी ते दहा मिनिटं बोलत होते.

“काय बोलत होता एवढं?”

“त्यांच्या फोनची चकती नऊवर अडकतीया. म्हटलं, बोटाऐवजी पेन्सिल घालून फिरवा.”

अक्का माझी थोरली बहीण. सांगलीत एकटी राहायची. वर्षभरापासून ती विसरायला लागली होती. दिवसातून पाच-सहा फोन, आणि प्रश्न एकच. बोर्डवरच्या बाई पॅसेजमधूनच हाक मारत, “साहेब, अक्काऽ!” आणि टेबलांवरच्या माना खाली जात. माणसं हसतात म्हणून मला संकोच वाटतो, असं मी स्वतःला सांगत असे.

ते अर्धंच खरं होतं. पाचव्यांदा “जेवलो” म्हणताना मला भीती वाटायची. आमच्या वडिलांचंही शेवटी असंच झालं होतं. मग अक्का. घरात त्यानंतर मीच होतो.

तिसऱ्या दिवशी मी पेटीला आकडे शिकवले. माझ्याच टेबलावरच्या फोनवरून एकेक आकडा दाबायचा, पेटीनं टूं केलं की पुढचा. स्वागताचा निरोप मी माझ्याच आवाजात भरला. नमस्कार, आपल्याला हव्या असलेल्या टेबलाचा क्रमांक दाबा.

मुजावरांनी तो पूर्ण ऐकला.

“आन् दाबला न्हाई तर?”

“वीस सेकंदांनी लाइन तुटते.”

“पुस्तकात तसं हाय?”

“पुस्तकात म्हटलंय, नाही दाबला तर कुठल्या तरी एका टेबलावर फोन वाजवता येतो. ते मी बंद ठेवलंय.”

“का बरं?”

“शिस्त लागते माणसांना.”

“चकतीच्या फोनवरनं आकडा दाबता येत न्हाई, डॉक्टरसाहेब. कितीबी फिरवा, पेटीला कळतच न्हाई.”

“आता चकतीचा फोन राहिलाय कुणाकडे?”

“तुमच्या वळखीत कुणाकडं न्हाई?”

“नाही.”

त्यांनी टेबलावर पडलेले तारेचे तुकडे गोळा केले, खिशात टाकले आणि घरी गेले.

लाइन तोडणाऱ्या तेवढ्या एका आकड्यासाठी मी हे सगळं शिकत होतो. कुणा परक्याला सांगून तो मारून घेतला असता तर कारण सांगावं लागलं असतं. आता कुणी कुणाला नाही म्हणणार नव्हतं. पेटी आपली काम करणार होती.

त्या दुपारी अक्काचा फोन आला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बाराही टेबलांवरचे फोन वाजवून झाले. कुठेही चूक नव्हती. पेटीवर हिरवे दिवे ओळीनं लागले होते. मला आनंद झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

“काय मुजावर, आता काही शिकायचं उरलंय का?”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“च्या सांगा की. मग बघू.”

चहा आला. अर्धा कप झाल्यावर ते उठले, पेटीखाली वाकले आणि त्यांनी प्लग उपसून काढला.

“अहो! काय करताय?”

दिवे विझले.

“आता भायेरनं फोन आला तर कुठं वाजंल?”

“कुठेच नाही. वीजच नाही म्हटल्यावर…”

माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते कपात बघत होते.

फोन वाजतच राहिला.

“पुस्तकात हे नव्हतं,” मी म्हणालो.

“असंल की. बारीक अक्षरात असंल. उचला आता. का त्येबी मीच उचलू?”

मी उचलला.

“बंडू? अरे, काल दुपारपासून एक माणूस तुझ्यासारख्या आवाजात सारखं काहीतरी दाबा म्हणतोय. मी त्याला म्हटलं, बंडूला दे. देतच नाही मेला. फोनच ठेवून देतो.”

“हो, अक्का.”

“त्याला काढून टाक.”

“हो.”

“जेवलास का?”

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

“नाही अजून,” मी म्हणालो. “तू जेवलीस?”

हे मी तिला त्याआधी कधी विचारलं होतं का, ते मला आठवेना. फोनच्या चकतीवर तिचं बोट फिरत असावं. बारीक खरखर ऐकू येत होती.

“बघून सांगते,” अक्का म्हणाली. “स्वयंपाकघरात जाऊन बघते. तू ठेवू नकोस हं.”

मी धरून राहिलो. बराच वेळ.

मुजावरांनी चहा संपवला. हत्यारं पिशवीत भरली. प्लग वायरसकट उचलून माझ्या टेबलावर, माझ्या वहीवर ठेवला आणि दाराशी जाऊन ते चपला घालू लागले.

तिकडे अक्का भांडी उघडून बघत होती, झाकणांचा आवाज येत होता. मी फोनवर हात ठेवून तारांबद्दलच विचारलं.

“उस्ताद…” हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. “वीज नसताना लाइन जुळली कशी?”

त्यांनी दुसऱ्या चपलेत पाय सरकवला.

“जुळायला वीज लागत न्हाई, डॉक्टरसाहेब. तोडून धरायला लागती.”

संध्याकाळपर्यंत प्लग वहीवर तसाच होता. अकरा टेबलांवरची माणसं येऊन तक्रार करून गेली. अक्काचा फोन आणखी चारदा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लग लावला आणि तो एक आकडा बदलला; काही न दाबणाऱ्याचा फोन आता माझ्या टेबलावर वाजणार होता. कसा बदलायचा ते कुणाला विचारावं लागलं नाही.

उस्तादांचं ते वाक्य त्यांनी खरंच तसं उच्चारलं होतं, की मीच पुढे त्याला घासूनपुसून घेतलं, ही शंका मला पुष्कळ वर्षं होती. तोवर अक्का गेली होती, उस्तादही गेले होते. चौदा वर्षांनी संस्थेनं ती पेटी भंगारात काढली, तेव्हा मी ती मागून घेतली आणि घरी आणून उघडली. पहिल्या जागेच्या मागे काडेपेटीपेक्षाही लहान एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच होता, आणि त्यात तांब्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या होत्या. बारा व्होल्ट दिले तेव्हा त्या दूर झाल्या. वीज काढून घेतली आणि त्या पुन्हा टेकल्या. मी हे तीनदा करून पाहिलं. वहीत तारखेसह नोंद आहे.