गाठीत झाड नव्हते

प्रवरेच्या काठी सावळगाव नावाचे लहानसे गाव होते. एका भाद्रपदात शांतवन महाराज तेथे उतरले होते. महाराज ख्रिस्ताचे कीर्तनकार. खांद्यावर वीणा, झोळीत शास्त्र आणि मुखी एकच विषय: संदेष्ट्यांनी ज्याची वाट पाहिली तो मशीहा आला, आणि तो नासरेथचा येशू होय. बाप्तिस्मा देण्याचा अधिकारही मंडळीने त्यांना दिलेला होता.

सावळगावच्या मंडळीत एक शिरस्ता होता. ज्याला बाप्तिस्मा हवा त्याने आधी सर्वांपुढे उभे राहून मशीहाविषयीच्या साक्षी तोंडपाठ म्हणायच्या. तो कोठे जन्मेल, कोणत्या कुळात, कसा दुःख सोसेल, हे सारे. विचारणारे एलिया मास्तर, मिशनशाळेचे मुख्य शिक्षक. त्यांना शास्त्र असे पाठ होते की झोपेतून उठवले तरी शब्द चुकायचा नाही. त्यांनी होकार दिल्याखेरीज कोणाला बाप्तिस्मा मिळत नसे.

आणि म्हसू तर दोर वळणारा! घायपाताचे दोर वळून बोटांना घट्टे पडलेले. जीभ जन्मापासून अडखळणारी. त्याची बायको सगुणा केव्हाच मंडळीत आली होती. प्रभुभोजनाची भाकर फिरू लागली की ती आत बसे आणि बाप्तिस्मा न झालेला म्हसू मुकाट्याने उठून पायरीवर जाई. त्या भाकरीसाठी त्याचा जीव तुटत असे.

शनिवारी मंडळीच्या प्रार्थनामंदिरात परीक्षा झाली; दुसऱ्या दिवशी नदीवर, बाप्तिस्म्याआधी, मास्तर पुन्हा एकदा विचारणार होते. म्हसू उभा राहिला.

"सांग बरं," मास्तर म्हणाले, "मीखा संदेष्ट्याने मशीहाचे जन्मगाव कोणते सांगितले?"

"बे... बे... बे..." बेथलेहेम म्हसूच्या जिभेवरच अडकले.

"मंदिरात मेंढरू शिरलं वाटतं!" मागून कोणी तरी म्हणाले आणि मंडळी खदखदली. मास्तरांनी हसू दाबले नाही.

"अरे, ज्याची जीभ देवाचे गाव उच्चारीत नाही, तो देवाची साक्ष काय देणार? जा, दोर वळ. ते तुला जमतं."

सगुणेने पदर तोंडाशी धरला. म्हसू मात्र हलला नाही. घाम पुसून तो म्हणाला, "मी... उ... उद्या येनार."

महाराज उठले.

"मास्तर, यशयाने मशीहाला मेंढरूच म्हटले आहे ना? लोकर कातरणाऱ्यापुढे गप्प राहणारे. रोमी सुभेदार पिलाताने विचारले तेव्हा आपला प्रभू गप्प उभा राहिला. शास्त्रात त्याच्या बोलण्याची साक्ष आहे, तशी त्याच्या मौनाचीही आहे."

"महाराज, तुमचा मान मोठा," मास्तर म्हणाले, "पण उद्या मलाच विचारायचे आहे. हा बोलला नाही तर मी ह्याला परत पाठवणार."

"पाठवा," महाराज शांतपणे म्हणाले. "तो येईल. म्हसू, येताना लांब दोर आण. नदीला ओढ आहे, लोकांना धरायला होईल."

रविवारी सकाळी मंडळी नदीवर जमली. म्हसूने नव्या दोराचे एक टोक काठच्या बाभळीला बांधले आणि दुसरे पात्रातल्या खडकाला. मास्तर खडकावर चढून उभे राहिले. महाराज काठाजवळ गुडघाभर पाण्यात होते. एकेक जण दोर धरून पुढे जाई, उत्तरे देई आणि बाप्तिस्म्यासाठी महाराजांकडे परते. शेवटी म्हसू उरला.

"परत आलास?" मास्तर म्हणाले. "बोल, जन्मगाव?"

"बे... बे..."

"पुरे. जा वर."

म्हसू दोराला धरून तसाच उभा राहिला.

"जा म्हणतो ना!"

"न्हाय... जा... जायचा."

इतक्यात वरच्या अंगाला घोंघाट झाला. डोंगराकडे रात्रभर पाऊस झाला होता. गढूळ पाण्याचा लोंढा वळण घेऊन आला. "पळा! पूर आला!" लोक काठ चढून माळाकडे धावले. खडकाभोवती पाणी फिरले. मास्तरांना पोहता येत नव्हते. पाणी त्यांच्या कमरेला लागले आणि सारे पाठांतर विसरून ते ओरडले, "वाचवा!"

म्हसूला काठ चार हातांवर होता. तो काठाकडे वळला नाही! दोराला लोंबकळत तो खडकाशी गेला, खडकाला बांधलेले टोक सोडले, मास्तरांच्या कमरेला आवळले आणि उरलेला फेरा स्वतःभोवती घेतला. लगेच खडक बुडाला. दोघे पाण्याखाली गेले, वर आले, पुन्हा गेले. म्हसू दोर हातावर हात घेत ओढत राहिला.

काठावर महाराज एकटेच गुडघे टेकून बसले होते. दोन्ही हात आकाशाकडे उचललेले, डोळे मिटलेले. "प्रभू येशू, हा तुझा आहे," एवढेच ते म्हणत होते.

दोघे चिखलात येऊन पडले. लोक धावत खाली आले, आणि सगुणा एकदम किंचाळली, "अगं बया! बाभळ कुठं हाय?"

बाभळीच्या जागी खळगा होता. काठ खचून झाड केव्हाच वाहून गेले होते! दोराचे टोक पाण्याच्या कडेला मोकळे पडले होते. म्हसूने मारलेली गाठ तशीच होती, पण गाठीत झाड नव्हते.

"कुणी धरला होता दोर?" मास्तरांनी विचारले. लोकांनी एकमेकांकडे पाहिले. सारे माळावर होते, आणि महाराजांचे हात अजून आकाशाकडेच होते.

म्हसू म्हणाला, "दो... दोर ताठ व्हता, मास्तर. शे... शेवटपत्तुर."

महाराजांनी डोळे उघडले. "मास्तर, आमचे क्लेश ज्याने आपल्या अंगावर वाहिले म्हणून यशया सांगतो, तो कोण?"

ज्यांची जीभ कधी अडली नव्हती, त्या मास्तरांनी तोंड उघडले. ओठ हलले, शब्द फुटला नाही. डोळे मात्र वाहू लागले. त्यांनी चिखलातच म्हसूच्या पायांवर डोके ठेवले.

म्हसू पार ओशाळला. "ऊ... उठा मास्तर. पानी चढतंय!"

सारे माळावर आले. नदी आता कोणाला जवळ येऊ देत नव्हती. सगुणेने घरून तांब्या भरून आणला. तो मास्तरांनी तिच्या हातून मागून घेतला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने महाराजांनी म्हसूच्या मस्तकावर पाणी घातले, तोवर मास्तर दोन्ही हातांत तांब्या धरून, मान लववून त्याच्यापुढे उभे होते.